बेटांचे मासे, वंशाचा ठेवा
(नागपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या प्राध्यापकांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमतो, त्यांनी प्राणिशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांना एक शिस्त लावली होती. प्राण्याचं नाव सांगितलं की तो कुठे राहतो हे सांगायचं आणि तिथेच का राहतो हेही विचारायचं. आजचं व्याख्यान त्या शेवटच्या प्रश्नाला धरून आहे. समुद्रातल्या एकाकी बेटांभोवती, प्रवाळांच्या आश्रयाने राहणारे मासे तिथवर पोहोचले कसे, त्यांच्या जनुकांत कोणता इतिहास लिहिलेला आहे आणि तो जपायचा कसा, हा आजचा विषय आहे.

समुद्रापासून इतक्या आत असलेल्या नागपुरात हा विषय कशासाठी, असं कुणाला वाटेल. त्याचं एक कारण आपल्या पायाखालीच आहे. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या बेसाल्टची आहे, तो दख्खनच्या लाव्हाचा पूर्वेकडचा काठ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत असताना पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्थानावरून गेला आणि लाव्हाचे थरावर थर साचले. ज्यांच्या नावाचं महाविद्यालय या शहरात आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या परिसरात याच थरांच्या मधल्या गाळातले जीवाश्म शोधले. ते तप्त स्थान आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. भूखंड पुढे सरकला आणि मागे समुद्रतळावर डोंगरांची एक लांब रांग उरली. चागोस, मालदीव आणि लक्षद्वीप यांच्या घडणीचा संबंध भूशास्त्रज्ञ या तप्त स्थानाशी जोडतात. त्या रांगेच्या माथ्यांवर प्रवाळांनी चुन्याचे थर रचले आणि बेटं उभी राहिली. नागपूरचा दगड आणि ती बेटं एकाच गोष्टीतली आहेत.

दुसरं कारण पूर्व विदर्भातल्या तलावांचं आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

महाराष्ट्राला प्रवाळबेटं नाहीत, असं आपण शाळेत शिकतो. पाण्यावर दिसणारी नाहीत, हे खरं. पण विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, खुल्या समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे. त्याची लांबी सुमारे ४० किलोमीटर आणि रुंदी सुमारे १५ किलोमीटर. माथा पाण्याखाली साधारण २० मीटरवर, आणि कडा ओलांडली की समुद्र एकदम खोल. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून नकाशावर त्याला आंग्रिया बँक म्हणतात. बँक म्हणजे इथे समुद्रतळाचा उंचवटा. कोकणातल्या नद्यांचा गाळ इतक्या दूरवर पोहोचत नाही, त्यामुळे पाणी नितळ आणि ऊन खोलवर उतरतं. प्रवाळांना हवं ते सगळं तिथे आहे. मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आहेत आणि १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, पण ते प्रवाळ किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात तग धरून आहेत. आंग्रिया बँकेची समृद्धी वेगळी आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी यांनी या पठाराच्या अभ्यासाचा आणि संरक्षणाचा आग्रह सातत्याने धरला. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञ आणि पाणबुड्यांची मोहीम तिथे जाऊन आली. प्रवाळांच्या फटीत तोंड खुपसून बसलेला गोब्रा, थव्याने फिरणारी तांबोशी, प्रवाळावरची शेवाळं खरवडणारे पोपट मासे, फुलपाखरू मासे, अशी ती वस्ती आहे.

आता प्रश्न असा की किनाऱ्यापासून आणि लक्षद्वीपपासूनही तुटलेल्या या पठारावर हे मासे आले कुठून?

प्रवाळातला मोठा मासा फारसा प्रवास करत नाही. विदूषक मासा, म्हणजे मुलांना चित्रपटामुळे ठाऊक असलेला केशरी-पांढरा मासा, एका समुद्रफुलाच्या आधाराने सगळं आयुष्य काढतो. प्रवास करतात ती पिल्लं. अंड्यातून बाहेर पडलेलं काही मिलिमीटरचं, काचेसारखं पारदर्शक पिल्लू, ज्याला आपण डिंभ म्हणतो, प्रवाळ सोडून खुल्या समुद्रात जातं. विदूषक माशाचं पिल्लू साधारण आठ ते बारा दिवस असं राहतं, तर काही सर्जन माशांचं पिल्लू दोन महिन्यांच्या आसपास. एवढ्या अवधीत प्रवाळ सापडला तर ते तिथे उतरतं आणि रंग धरतं. नाही सापडला तर संपतं.

एवढ्याशा जिवाने पाण्यात किती दिवस काढले हे कळतं कसं? घोळीचं डोकं फोडणाऱ्या कोळणीला विचारा. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, चुन्याचे पांढरे खडे असतात आणि घोळीत ते चांगलेच मोठे असतात. हा खडा रोज एका थराने वाढतो. जॉर्जिओ पॅनेला यांनी १९७१ मध्ये हे रोजचे थर दाखवून दिले. प्रवाळातल्या छोट्या माशाचा खडा वाळूच्या दाण्याएवढा असतो. तो राळेत बसवून, बारीक पॉलिश कागदावर दोन्ही बाजूंनी घासत घासत इतका पातळ करतात की त्यातून उजेड आरपार जावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली वर्तुळात वर्तुळं दिसतात. मधल्या बिंदूपासून मोजत बाहेर यायचं. एका ठिकाणी वर्तुळांमधलं अंतर अचानक बदलतं, आणि तो त्या पिल्लाचा प्रवाळावर उतरण्याचा दिवस. तिथपर्यंतची वर्तुळं म्हणजे खुल्या समुद्रातले दिवस. एका खड्यात इतकं सगळं लिहिलेलं असतं.

बराच काळ अशी समजूत होती की पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात, आणि जितके दिवस जास्त तितकं अंतर जास्त. ही समजूत पुढे ढासळली. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ जेफ्री जोन्स आणि सहकाऱ्यांनी एका माशाच्या सुमारे एक कोटी भ्रूणांच्या कानातल्या खड्यांवर औषधाची खूण उमटवली आणि त्या बेटावर पुढे उतरलेल्या पिल्लांत ती खूण शोधली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसलं की बरीच पिल्लं मूळ बेटावरच परतली होती. २००७ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या किम्बे उपसागरातल्या एका लहानशा बेटाचा अभ्यास आला. तिथे उतरलेल्या विदूषक माशांच्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के त्याच बेटावरच्या आईबापांची होती. फुलपाखरू माशाची पिल्लं खुल्या समुद्रात कितीतरी जास्त दिवस राहतात, तरी त्यांच्यातही हेच प्रमाण मिळालं. वास, आवाज आणि पोहण्याची ताकद वापरून पिल्लं घरी परततात. म्हणजे नकाशावरचं अंतर आणि पाण्यातलं नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नातं वाचायचं तर जनुकं वाचावी लागतात. माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवला तरी पुरतं. त्यातून डीएनए काढतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो, म्हणून मातृवंश शोधायला तो सोयीचा. एकेका बेटावरच्या काही माशांचे असे नमुने घेऊन अक्षरक्रम शेजारी शेजारी मांडले की कोणत्या बेटावर कोणते वंश आहेत, कोणते वंश दोन बेटांत सारखे आहेत, कोणता वंश एकाच बेटावर उरला आहे, हे दिसू लागतं. बाहेरून एकसारखे दिसणारे मासे आतून फार वेगळे असू शकतात, आणि कधी उलटही घडतं. नासो जातीच्या काही सर्जन माशांत हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंत फारसा भेद सापडत नाही.

एकाकी बेटांची गंमत इथेच आहे. हवाई बेटांभोवतीच्या प्रवाळ माशांपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. ईस्टर बेटाभोवती हे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. पिल्लांना तिथवर पोहोचायला वाट लांब, म्हणून आलेले थोडे. आणि जे आले ते इतरांपासून तुटले, म्हणून वेगळे झाले. याच्या उलट हिंदी महासागरातलं ख्रिसमस बेट. हिमयुगात समुद्र उतरला तेव्हा इंडोनेशियाच्या आसपासचे उथळ समुद्र कोरडे पडले आणि दोन महासागरांतल्या माशांची वाट अडली. दोन्हीकडे वेगवेगळे वंश घडले. समुद्र पुन्हा चढल्यावर ते ख्रिसमस आणि कोकोस-किलिंग बेटांभोवती एकमेकांना भेटले. तिथे माशांच्या संकराची ११ उदाहरणं २००९ च्या एका शोधनिबंधात नोंदली गेली. एकाकी बेट कधी नव्या वंशांची जन्मभूमी ठरतं, तर कधी जुन्या वंशांची भेटीची जागा.

आता आंग्रिया बँकेकडे परत पाहा. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. ज्या पठाराचा माथा आज २० मीटर पाण्याखाली आहे, ते त्या काळी पाण्याबाहेर आलेलं असणार. म्हणजे ते खरोखरीचं बेट होतं, आणि त्याच्या उतारांवरच उथळ पाणी उरलं असणार. मग समुद्र चढत गेला आणि बेट बुडालं. आज तिथे असलेल्या माशांत त्या जुन्या उतारांवर तगलेल्या वंशांचे वारस आहेत, की सगळे नंतर लक्षद्वीपकडून आलेले? याचं उत्तर पराच्या त्या नखाएवढ्या तुकड्यांत आहे. हा प्रश्न महाराष्ट्राने स्वतःच्या समुद्राला विचारायला हवा.

श्रोतेहो, आता मी मुख्य मुद्द्यावर येतो. जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दोन वस्त्यांमध्ये पिढीमागे एक-दोन जीव जरी ये-जा करत राहिले, तरी जनुकांची सरमिसळ टिकते आणि दोन्ही वस्त्या कागदावर एकच दिसतात. पण मासेमारीने किंवा उष्णतेने रिकामं झालेलं बेट पिढीमागे एक-दोन माशांनी भरत नाही. म्हणून "हे मासे दुसरीकडेही आहेत, तिकडून येतील" हा युक्तिवाद धोक्याचा आहे. आणि जिथे ती ये-जाही नाही, तिथे गेलेला वंश कायमचा गेला. दूर असणं हे संरक्षण आहे, असा आपला समज असतो. दूर असण्याचा खरा अर्थ एवढाच की भरपाईची वाट लांब आहे.

लक्षद्वीपमध्ये हे डोळ्यांसमोर घडतंय. लक्षद्वीपची बेटं ३६, त्यांपैकी वस्तीची १०, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. एस. जोन्स आणि एम. कुमारन यांनी १९८० मध्ये या द्वीपसमूहातल्या माशांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात ६०३ जाती नोंदल्या. त्यानंतर समुद्र तापला. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, २०२४ मध्ये पुन्हा पडले. रोहन आर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ नोंदींनुसार अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के होतं, ते २०२२ पर्यंत सुमारे १९ टक्क्यांवर आलं. याच अभ्यासकांनी बित्रा बेटाजवळ गोब्र्याच्या एका जातीचा मेळावा नोंदला. हिवाळ्यात अमावस्येच्या सुमारास एरवी एकएकटे राहणारे हे मासे एका ठरावीक जागी दाटीने जमतात, नर जागेसाठी झुंजतात, अंडी सोडली जातात आणि काही दिवसांत मेळावा पांगतो. अशा जागी जाळी किंवा गळ लागले तर एका आठवड्यात पुढच्या पिढीचे आईबाप निघून जातात. समुद्रात दर वर्षी सगळेच मासे पुढच्या पिढीला हातभार लावतात असंही नाही. थोड्याच जोडप्यांची पिल्लं वाचतात. म्हणून हजारो मासे दिसत असले तरी वंशांची संख्या फार लहान असू शकते. मासे मोजून हे कळत नाही.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. कापसाचं शेत हिरवंगार दिसलं तरी ते एकाच वाणाचं असेल तर एका किडीपुढे सगळं शेत सारखंच असहाय असतं, हे इथल्या माणसाने गुलाबी बोंडअळीच्या वर्षांत सोसलंय. म्हणून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत कापसाच्या हजारो वाणांचं बियाणं जपून ठेवलंय. आज ज्याचा उपयोग दिसत नाही असं बियाणंसुद्धा तिथे आहे, कारण उद्याची कीड आज ठाऊक नसते. समुद्राला असं कोठार नाही. तापलेल्या पाण्यात टिकेल असा गोब्र्याचा वंश कुठल्या बेटावर आहे हे आज आपण नावानिशी सांगू शकत नाही. तो कुठेतरी पोहत असेल तेवढाच शिल्लक आहे. प्रत्येक बेट हेच कोठार आणि तिथले मासे हेच बियाणं.

वंशांचं भान न ठेवता मासे इकडून तिकडे हलवले तर काय होतं, याचा धडा महाराष्ट्राच्याच एका माशाने दिला. पुण्याच्या मुळा-मुठेतला महाशीर कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये जगापुढे आणला. धरणांनी त्याची वाट अडवली तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या जलविद्युत कंपनीने १९७० च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. हेतू चांगला होता आणि काम मोठं होतं. त्याने आपल्याकडच्या महाशीराला आधार दिला. पण तिथली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला उंचवटा असलेला, प्रचंड वाढणारा. बाहेरून आलेला महाशीर तिथे पसरत गेला आणि मूळचा हटत गेला. त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळख नीट पटेपर्यंत २०१८ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी तो जगातल्या अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. कावेरीत पिल्लं सोडणाऱ्यांना महाशीर वाढवायचा होता. महाशीर वाढला आणि कावेरीचा महाशीर संपायला आला. एका नावाखाली दोन वंश होते, आणि ते आधी कुणी पाहिलं नव्हतं.

आता पूर्व विदर्भ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हजारो तलाव आहेत. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले, आणि त्यांना माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, हे नाव पडलं. मरळ, शिंगी, मांगूर आणि कितीतरी छोटे देशी मासे या तलावांत होते. माशांच्या दृष्टीने प्रत्येक तलाव हे चारी बाजूंनी जमिनीने वेढलेलं बेट आहे. पावसाळ्यात सांडव्याचं पाणी ओढ्याला मिळतं तेवढे दिवस शेजारच्या तलावाशी नातं जुळतं, नंतर तुटतं. या तलावांत उत्पादनासाठी रोहू, कतला, मृगळ यांचं मत्स्यबीज सोडलं गेलं. हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. पुढे परदेशी मासे आले, बंदी असलेला थाई मांगूरही चोरवाटेने आला. देशी मासे मागे पडले. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरातल्या रोजच्या जेवणातून ते कमी होत गेले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढिवरांच्या सोबतीने याच्या उलट काम उभं केलं. तलावाच्या तळाशी देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी माशांना परत जागा करून दिली. कोणती वनस्पती कोणत्या माशाला अंडी घालायला लागते, हे ज्ञान ढिवरांकडे होतं. शास्त्राने त्याला मान दिला आणि तलाव सुधारले. आंग्रिया बँक आणि गोंदियातला मामा तलाव यांचं दुखणं एकच आहे. दोन्ही ठिकाणी आपण मासे मोजतो, वंश मोजत नाही.

तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे.

आंग्रिया बँकेला कायद्याचं संरक्षण मिळालं पाहिजे. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर संपतो आणि आंग्रिया बँक त्याच्या पुष्कळ पलीकडे आहे. तिथे १९७६ च्या केंद्रीय सागरी क्षेत्र कायद्याच्या आधारे केंद्रालाच पाऊल उचलावं लागेल, आणि महाराष्ट्राने ते उचलायला लावलं पाहिजे. हे करताना सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या छोट्या मच्छीमारांना बाजूला ठेवून चालणार नाही. कोणत्या महिन्यात कुठला मासा कुठे जमतो हे त्यांना ठाऊक आहे. मेळाव्याची जागा आणि मेळाव्याचे दिवस राखायचे असतील तर ती राखण त्यांच्याच हातून होईल.

दुसरी मागणी विद्यापीठांकडे. समुद्रातून असो वा तलावातून, अभ्यासासाठी घेतलेल्या प्रत्येक माशाच्या पराचा तुकडा, पकडल्याची जागा आणि तारीख यांसह जपून ठेवा. माशांच्या जनुकीय संपत्तीसाठी १९८३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आज लखनौला आहे. विदर्भातल्या महाविद्यालयांनी आपल्या मामा तलावांतल्या देशी माशांचा असा संग्रह इथे उभा करावा. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. अल्कोहोलच्या कुप्या, नोंदवही आणि सोबतीला एक जाणता ढिवर एवढं पुरेसं आहे. डीएनए वाचण्याचं काम पाच वर्षांनी झालं तरी चालेल. मासा गेल्यावर मात्र वाचायला काही उरणार नाही.

तिसरी मागणी आपल्या सगळ्यांकडे. कुठल्याही तलावात किंवा नदीत बाहेरचे मासे सोडण्याआधी तिथे आधी कोण राहत होतं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारा. मत्स्यबीज वाटपाचा ठराव येईल तेव्हा विचारा, तलावाच्या लिलावाच्या वेळी विचारा. आणि इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना मी सांगेन की येत्या पावसाळ्याआधी आपल्या गावच्या तलावावर जा, ढिवरांकडून देशी माशांची नावं लिहून घ्या आणि पहिला नमुना जपून ठेवा. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण इथे आलो, त्यांच्या ‘तिथेच का?’ या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची सुरुवात तिथूनच होते.